रिकाम्या हातांची वधू? जर्मन मध्ययुगाबद्दलचा एक हट्टी गैरसमज

मध्ययुगीन युरोपातल्या बायकांचा विषय निघाला की एक विधान हमखास कानावर येतं: जर्मन सरदारांच्या मुली म्हणजे तहातल्या वस्तू, बाराव्या वर्षी लग्न, मालकीचं काही नाही, आणि पुढे जन्मभर किल्ल्यात कोंडलेल्या. हे म्हणणाऱ्यांना त्या बायकांची कणव असते, हे मान्य. पण त्या कणवेपोटी ते त्यांच्या हातात जे होतं तेही काढून घेतात. आणि हे सगळं कागदपत्रं शिल्लक असताना!

14 एप्रिल 972 रोजी रोममध्ये सम्राट ऑटो दुसरा आणि बायझंटाइन घराण्यातली थेओफानू यांचं लग्न झालं. जांभळ्या चर्मपत्रावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं त्यांचं विवाहपत्र आजही वोल्फेनब्युटलच्या अभिलेखागारात आहे. त्यात वधूला दिलेल्या मालमत्तेची यादी आहे: इस्ट्रिया प्रांत, पेस्कारा, बोपार्ड, नॉर्डहाउझन आणि आणखी कितीतरी. 983 साली नवरा वारला तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. गादीवर डोळा असलेल्या एका नातलगाने त्याला ताब्यात घेतलं. दुसऱ्याच वर्षी त्याला मुलगा परत करावा लागला आणि 991 मध्ये मरेपर्यंत साम्राज्याचा कारभार थेओफानूने पाहिला. तिच्यामागे तो सांभाळला तिच्या सासूने, आडेलहाइडने.

राण्यांचं वेगळं असतं, असं यावर कुणी म्हणेल. मग आइके फॉन रेपगोने 1220 ते 1235 च्या दरम्यान लिहिलेला ‘झाक्सनश्पीगल’ हा कायद्याचा ग्रंथ बघा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला द्यायची भेट त्यात आहे, विधवेच्या हयातीपुरती तिच्याकडे राहणारी जमीन आहे. आपल्याकडच्या स्त्रीधनासारखा, बाईकडून तिच्या नात्यातल्या बाईकडेच जाणारा ऐवजही आहे: मेंढ्या, हंस, पेट्या, अंथरुणं आणि बायका वाचत असत ती धर्मपुस्तकं. हो, पुस्तकं. नवरा बायकोचा पालक, त्याच्या संमतीशिवाय तिला मालमत्ता विकता येत नाही, हेही हाच ग्रंथ सांगतो. पण बंधन होतं म्हणून हक्क नव्हताच, हा निष्कर्ष कुठून येतो?

आता वयाचं. मुलीसाठी बारा ही चर्चच्या कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा होती. प्रत्येकीचं लग्न त्याच वयात होत नसे. 1475 मध्ये लान्ड्सहूटला थाटामाटात लग्न झालं तेव्हा पोलंडची राजकन्या हेडविग अठरा वर्षांची होती. लहानपणी लग्नं होत, हे खरंच. टिरोलची मार्गारेटे 1330 मध्ये बारा वर्षांची होती आणि तिचा नवरा योहान हाइनरिश तर आठच. पण तिचं पुढे काय झालं, ते कुणी सांगत नाही. नोव्हेंबर 1341 मध्ये तो शिकारीहून परतला तेव्हा किल्ल्याचे दरवाजे बंद होते. टिरोलचे सरदार मार्गारेटेच्या बाजूने उभे राहिले. पहिलं लग्न चर्चने रद्द केलेलं नसताना 1342 मध्ये तिने सम्राटाच्या मुलाशी, लुडविगशी लग्न केलं. पोपने दोघांना बहिष्कृत केलं. तो बहिष्कार उठायला 1359 साल उजाडलं. तोवर ती लुडविगच्याच सोबत होती.

याच मार्गारेटेला पुढे ‘कुरूप डचेस’ ठरवलं गेलं. तिचं म्हणून दाखवलं जाणारं चित्रकार क्वेन्टिन मात्सिसचं चित्र तिच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी काढलेलं आहे. ते तिचं व्यक्तिचित्र नव्हे.

धर्मयुद्धाला निघालेले सरदार बायकोला लोखंडी शीलपट्टा घालत, ही तर शुद्ध बनवाबनवी. असा पट्टा पहिल्यांदा दिसतो तो कोनराड क्यीझरच्या 1405 च्या युद्धयंत्रांवरील पुस्तकात, तोही फ्लोरेन्सच्या बायकांचा म्हणून. ब्रिटिश म्युझियममधला पट्टा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला मानला जातो.

आणि मठ म्हणजे नकोशा मुलींचा तुरुंग? 936 मध्ये स्थापन झालेल्या क्वेडलिनबुर्गच्या मठातल्या मुलींना बाहेर पडून लग्न करता येत असे. थेओफानूचा मुलगा ऑटो तिसरा इटलीत गेला तेव्हा जर्मनीत त्याच्या वतीने कारभार पाहिला तो याच मठाच्या प्रमुख माटिल्डे हिने.