वीस डॉलरांच्या आतलं जेवण

औषध कंपनीच्या खर्चानं जेवलेल्या डॉक्टरांना विचारा, ‘यानं तुमची औषधाची चिठ्ठी बदलते का?’ उत्तर बहुधा ‘छे’ असंच येतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ६१ टक्के निवासी डॉक्टरांनी कंपन्यांच्या प्रचाराचा आपल्यावर परिणाम होत नाही असं सांगितलं. इतर डॉक्टरही असेच अलिप्त राहतात असं मानणारे मात्र १६ टक्केच निघाले. भुलतो तो नेहमी शेजारचा!

आरोग्यसेवेतल्या मार्केटिंगवर संशोधन करणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे. डॉक्टर खोटं बोलत नसतात, त्यांना मनापासून तसं वाटत असतं. म्हणून त्यांचं म्हणणं आणि त्यांची चिठ्ठी शेजारीशेजारी ठेवून पाहावी लागते.

ऑर्लोव्स्की आणि वाटेस्का यांनी १९९२ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात नेमकं तेच केलं. एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना कंपन्यांनी सगळा खर्च उचलून रम्य ठिकाणी परिषदेला नेलं होतं. आपल्या लिहिण्यात फरक पडणार नाही, असं त्यातल्या बहुतेकांचं मत होतं. रुग्णालयाच्या औषध विभागातल्या नोंदी वेगळं सांगत होत्या. एका औषधाचा सरासरी वापर ८१ वरून २७२ वर गेला, दुसऱ्याचा ३४ वरून ८७ वर.

जाहिरात थेट रुग्णाकडे गेली तर? चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या अशा जाहिराती अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये चालतात. रिचर्ड क्रॅविट्झ यांच्या गटाचा २००५ चा प्रयोग मला या विषयातला सर्वांत चतुर वाटतो. प्रशिक्षण दिलेल्या बनावट रुग्ण स्त्रियांनी १५२ डॉक्टरांकडे मिळून २९८ भेटी दिल्या. काहींनी खऱ्या नैराश्याची लक्षणं सांगितली, काहींनी एखाद्या प्रसंगातून आलेल्या तात्पुरत्या खिन्नतेची. काही जणी टीव्हीवर पाहिलेल्या औषधाचं नाव घेत, काही नुसतंच ‘औषध द्याल का?’ म्हणत, उरलेल्या काहीच मागत नसत. तात्पुरत्या खिन्नतेत न मागता औषध मिळालं १० टक्क्यांना, नाव घेऊन मागितल्यावर ५५ टक्क्यांना. इथवर जाहिरातीच्या विरोधकांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. पण नैराश्याची लक्षणं सांगूनही गप्प बसलेल्यांपैकी औषध मिळालं फक्त ३१ टक्क्यांना. नाव न घेता मागणाऱ्या ७६ टक्क्यांना मिळालं. मागण्यामुळे अनावश्यक गोळ्या वाढल्या, तसे दुर्लक्षित राहिले असते असे रुग्णही उपचारापर्यंत पोहोचले. यातलं एकच टोक धरून बोलणाऱ्यांपासून जरा जपूनच राहावं.

पुढे अमेरिकेत २०१० च्या कायद्यानं कंपन्यांना डॉक्टरांवरचा खर्च जाहीर करणं भाग पाडलं आणि संशोधकांच्या हाती घबाडच लागलं. २०१६ साली सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांच्या नोंदी सरकारी विम्यातल्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहण्यात आल्या. या खर्चाच्या नोंदींपैकी ९५ टक्के जेवणाच्या होत्या, सरासरी किंमत २० डॉलरांहून कमी. एकदाच जेवलेल्यांच्या चिठ्ठ्यांतही जेवणातून प्रचार केलेल्या ब्रँडचं प्रमाण न जेवलेल्यांपेक्षा जास्त होतं, आणि जेवणं वाढली तसं ते आणखी वाढत गेलं. यावरून जेवणामुळेच चिठ्ठी बदलली असं सिद्ध होत नाही. त्या औषधाकडे आधीच झुकलेले डॉक्टरच आमंत्रण स्वीकारत असतील. संशोधकांनीही केवळ संबंध दिसतो, एवढंच म्हटलं.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची एकसमान संहिता आली. डॉक्टरांना भेटवस्तू देण्याला ती मनाई करते. माहितीपर वस्तू १,००० रुपयांपर्यंत चालतात. मात्र कोणत्या डॉक्टरवर कोणत्या कंपनीनं किती खर्च केला, हे लोकांना पाहता येईल अशी यादी इथे नाही, पूर्वीही नव्हती. त्यामुळे पुण्याच्या ‘साथी’ संस्थेनं २०१९ साली औषध कंपन्यांच्या प्रचारपद्धतींचा अभ्यास केला, तेव्हा एमआर (कंपन्यांचे वैद्यकीय प्रतिनिधी) आणि डॉक्टरांच्या मुलाखतींवर भर द्यावा लागला. जेवणाचं बिल आणि औषधाची चिठ्ठी एकमेकांसमोर ठेवायची सोय इथल्या संशोधकाला अजून नाही.