‘पाठवला होता’ आणि ‘हॅड सेंट’: क्रियापदांची गल्लत

दुबई किंवा अबुधाबीच्या कार्यालयात मराठी माणसाचे इंग्रजी शब्दांसाठी सहसा अडत नाही. तांत्रिक परिभाषा तर तोंडपाठ असते. तरीही पत्र वाचणारा इजिप्शियन किंवा ब्रिटिश सहकारी मध्येच एखाद्या वाक्यापाशी थांबतो, आणि बहुतेक वेळा त्याला थांबवते ते क्रियापद. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून मराठी विद्यार्थी वाक्याला वाक्य जुळवत इंग्रजी शिकत आला. पण दोन्ही भाषांतील काळ एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

‘मी काल अहवाल पाठवला होता’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. येथे ‘होता’ केवळ झालेल्या गोष्टीची आठवण करून देते. ते ‘आय हॅड सेंट द रिपोर्ट यस्टरडे’ असे उतरले, की वाचणारा पुढच्या घटनेची वाट पाहू लागतो. इंग्रजीतील ‘हॅड’ भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची दाखवते. बैठक सुरू होण्यापूर्वीच अहवाल पाठवला होता, असे सांगायचे असेल तर ‘हॅड’ हवे. एरवी ‘आय सेंट’ पुरते.

‘पाच वर्षांपासून काम करत आहे’ याचे ‘अ‍ॅम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स’ होते, तेव्हा चुका दोन असतात. सुरू असलेल्या कामाला ‘हॅव बीन वर्किंग’ लागते. आणि ‘सिन्स’ला आरंभबिंदू हवा असतो, तर कालावधीला ‘फॉर’. चूक टाळण्यासाठी कोणी ‘आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ लिहितो आणि अर्थच फिरतो: नोकरी संपली! अमिरातीत सेवाकाळाला पैशाचे मोल आहे. खासगी क्षेत्रासाठीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार किमान एक वर्ष सेवा झालेल्या परदेशी कर्मचाऱ्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि त्यापुढे ३० दिवसांच्या मूळ वेतनाइतके उपदान मिळते (दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रासारख्या क्षेत्रांचे नियम वेगळे). हिशेब तारखांवरून होतो हे खरे, पण पत्रात सेवा चालू आहे की संपली हेच कळेना, तर खुलासे देत बसावे लागते.

सर्वांत महाग पडू शकते ते ‘वुड’. ते नम्र वाटते, म्हणून राजीनाम्यातही ‘आय वुड बी रिझाइनिंग’ असे लिहिले जाते. इंग्रजी वाचकाला त्यात निर्णय दिसत नाही, अट किंवा विचार दिसतो. त्याच कायद्यात लेखी पूर्वसूचनेची मुदत करारानुसार ३० ते ९० दिवस आहे; ती नेमकी कोणत्या पत्रापासून मोजायची, यावर वाद उभा राहू शकतो. ‘आय अ‍ॅम रिझाइनिंग’ आणि त्यापुढे शेवटच्या दिवसाची तारीख, एवढे लिहिणे उद्धट ठरत नाही. मराठीत ‘आलोच’ म्हणणारा अजून घरातच असतो आणि ते सर्वांना ठाऊक असते. कार्यालयीन इंग्रजीत असा समजूतदारपणा गृहीत धरता येत नाही.

नियुक्तिपत्रातही क्रियापदे काटेकोर वाचावीत. तेथील ‘शॅल’ म्हणजे भविष्यकाळ नव्हे, बंधन. बोनसपुढे ‘शॅल बी पेड’ असेल, तर तो देणे मालकावर बंधनकारक आहे. ‘मे बी पेड’ असेल, तर द्यायचा की नाही हे मालक ठरवणार.