मस्टँगची अश्वपरीक्षा

घोडा विकत घ्यायचा तर जुना जाणता माणूस आधी झूल उतरवायला सांगे आणि मग दात पाही. फोर्ड कंपनीच्या 'मस्टँग' मोटारीचे नावच रानघोड्याचे. तेव्हा तिची परीक्षाही त्याच रीतीने करावी, हे बरे.

ही मोटार १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर खपली. तिच्या यशाचे इंगित असे, की एकाच सांगाड्यावर गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे हवे ते चढवून मिळे. बाजारहाटापुरती गाडी हवी असणाऱ्याला सहा सिलिंडरांचे गरीब एंजिन. वेगाचे वेड असणाऱ्याला आठ सिलिंडरांचे, २८९ घनइंचांचे, २७१ अश्वशक्तीचे. बाहेरून पाहावे तर दोघी सख्ख्या बहिणी! पुढे एप्रिल १९६५ मध्ये 'जी.टी.' नावाचा साज निघाला. पुढच्या जाळीत धुक्याचे दोन दिवे, दारांखालून धावणारे पट्टे, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागे डोकावणाऱ्या दोन धूरनळ्या. कारखान्यात हा साज फक्त दोन जोरकस एंजिनांवरच चढवीत.

आज साठ वर्षांनी यातले जवळजवळ सगळे नवे बनवलेले, खोक्यात बांधून विकत मिळते. अस्सल गाडीला साध्या गाडीहून कैक हजार डॉलर अधिक पडतात. वाचकहो, गोम आहे ती इथे.

मिशिगनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने चार वर्षे पैसे साठवून अशी एक लाल 'जी.टी.' हेरली होती. "मामा, तुम्हीही चला," म्हणाला, म्हणून गेलो. गाडी दृष्ट लागण्याजोगी होती. दिवे होते, पट्टे होते, धूरनळ्या होत्या. भाचा मात्र आधी चाकापाशी उकिडवा बसला आणि नट मोजू लागला. सहा सिलिंडरांच्या मस्टँगला चाकाला चार नट असत, आठ सिलिंडरांच्या गाडीला पाच. इथे पाच भरले. मग त्याने बॉनेट उघडायला लावले.

चालकाच्या बाजूला, आतल्या पत्र्यावर गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो. समजा तो '५ एफ ०९ के' असा सुरू झाला. पाच म्हणजे १९६५ चे मॉडेल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०९ म्हणजे मागे उतरत्या छपराची फास्टबॅक. पाचवे अक्षर एंजिनाचे, आणि सारा जीव त्यात. त्या वर्षी 'टी' म्हणजे सहा सिलिंडरांचे. 'सी' आठ सिलिंडरांचे, पण २०० अश्वशक्तीचे. 'ए' २२५ चे. आणि 'के' म्हणजे ते २७१ चे. 'जी.टी.' साज मिळे तो 'ए' आणि 'के' वर.

त्या लाल गाडीवर 'सी' होते.

विकणारा गृहस्थ सभ्य होता. आधीच्या मालकाने मोठे एंजिन बसवले आहे, असे तो म्हणाला. बसवले असेलही. पण एंजिन बदलले म्हणून जन्माच्या वेळी ठोकलेले अक्षर बदलत नाही. शिवाय 'के' एंजिनाचे टॅपेट यांत्रिक असल्याने ते चालताना एक बारीक टकटक ऐकू येते. ती आम्हाला ऐकू आली नाही. भाच्याने साध्या गाडीची किंमत देऊ केली, ती गृहस्थांना पटली नाही. माझ्या मते गाडी सजवणे हा गुन्हा नव्हे. त्या काळी विक्रेत्यांच्या दुकानातही यातले बरेच भाग सुटे मिळत, आणि हौसेला मोल नसते. पण हौसेचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडावे का?

आम्ही मराठीचे मास्तर जुनी पोथी हाती आली, की कागद, शाई, अक्षराचे वळण पाहतो. लेखनकाल सांगणारी अखेरची ओळ सर्वांत मागून वाचतो. कारण खोटे बोलायचे असले, की लबाड माणूस पहिला हात तिलाच लावतो. मस्टँगच्या दारावरच्या माहितीपट्टीचे तसेच आहे. ती हवी तशी अक्षरे ठोकून नवी करून मिळते, म्हणून नुसत्या पट्टीवर विसंबू नये. तोच क्रमांक पुढच्या मडगार्डांखाली झाकलेल्या जागीही ठोकलेला असतो. तिथवर हात घालायला विकणारा कां कूं करू लागला, तर आपण समजून असावे. टॉर्च घेऊन गाडीखालीही शिरावे. कारखान्यातून दोन धूरनळ्या घेऊन निघालेल्या गाडीच्या मागच्या दांड्यांना, नळ्या टांगण्याच्या जागी, बळकटीचे पत्रे वेल्ड केलेले आढळतात. नळ्या नंतर लावणारा सहसा हा उद्योग करत नाही.

१९६७ आणि पुढच्या मॉडेलांचे काम सोपे आहे. कंपनीच्या मूळ नोंदींवरून गाडी कोणत्या साजाने बाहेर पडली, याचा दाखला पैसे भरून मिळतो. त्याआधीच्या गाड्यांना ती सोय नाही. तिथे अंगावरचे कपडे खराब करून घ्यावेच लागतात.