कुंभारीत डोंगर नाहीत

चित्रकलेच्या तासाला कोरा कागद हातात आला की महाराष्ट्रातली बहुतेक मुले एकच चित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली येता येता रुंद होत जाणारी नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचे झाड. सोलापूरच्या मुलांनीही पिढ्यानपिढ्या हेच काढले. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत उभे राहून चहूकडे पाहावे, तर काळी रानं, ज्वारी, बाभळी आणि सपाट क्षितिज. ते दोन डोंगर इथे नाहीत. मग ते कागदावर येतात कुठून?

कुणी सक्ती केलेली नसते. उलट बाई सांगतात, ‘आज तुम्हाला हवं ते काढा.’ आणि चाळीस मुले तेच डोंगर काढतात. प्राथमिक शाळेत मुलांना कलेतली निवड मिळाली असे आपण अनेकदा म्हणत आलो, पण कोरा कागद देणे म्हणजे निवड देणे नव्हे.

आपल्याकडचे चित्रकलेचे शालेय शिक्षण जन्मले तेच नकलेतून. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झाले आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यात शाळांसाठी सरकारी ड्रॉइंग परीक्षा आल्या. इंग्लंडमधल्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप त्यांवर होती. कारागिराचा हात आणि नजर अचूक व्हावी, हा हेतू. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन ही एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ड्रॉइंग परीक्षांची चौकट आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या ओळखीची आहे. या परीक्षांना मी नावे ठेवणार नाही. खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलांना चित्रकार होण्याची वाट यांनीच दाखवली. पण त्यांची सावली पहिली-दुसरीच्या वर्गापर्यंत पडली. सुबक, प्रमाणबद्ध, रेषेबाहेर न गेलेले चित्र म्हणजे चांगले चित्र, हा समज तिथून खाली झिरपला आणि घट्ट बसला.

पाचवीत असताना मी उन्हाळ्याचे आकाश मातकट रंगवले होते. एप्रिलमध्ये वावटळ उठली की आमच्याकडे आकाश तसेच दिसते. ‘आकाश निळं असतं,’ असे म्हणून सरांनी त्यावर लाल फुली मारली. पुढची कित्येक वर्षे मी निळेच आकाश काढले आणि मला चांगले गुण मिळाले.

अचूकतेची थोरवी सोलापूरला कुणी शिकवायला नको. सोलापुरी चादरीवरचा मोर आधी आलेख कागदावर चौकटी-चौकटींनी मांडला जातो, मग छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर उतरतो आणि त्यानंतर जॅकार्ड मागावर विणला जातो. एक चौकट चुकली तर मोराची मान वाकडी होते. पण मोर घ्यायचा की कमळ, काठाला कोणता रंग, नक्षी किती दाट, हे आधी कुणीतरी ठरवलेले असते. शाळेने कारागिराची अचूकता उचलली आणि हे ठरवणे मात्र गाळले.

ठरवण्याचा हक्क मुलाला देणारा एक फार मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 साली तिथे नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. नई तालीमच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता, सूतकताई होती. तिथे कला हा फावल्या वेळचा विषय ठरण्याचा धोका होता. देवीप्रसादांनी उलट धरले. मूल चित्रातून जगाशी नाते जोडते, म्हणून मोठ्यांची चित्रे त्याच्यासमोर नकलेसाठी ठेवू नयेत. त्याला साधने द्यावीत, वेळ द्यावा, आणि त्याने काय केले ते लक्ष देऊन पाहावे. ही अठरा वर्षांची शिदोरी पुढे ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या पुस्तकात आली, 1998 साली. ते स्वतः कुंभारकामात रमलेले होते. कुंभारी हे नाव उच्चारताना मला दर वेळी त्यांच्या चाकाची आठवण होते.

सेवाग्रामच्या प्रयोगाआधी व्हिएन्नात फ्रांझ चिझेक यांनी 1897 मध्ये मुलांसाठी असाच वर्ग उघडला होता. पुढे 1947 साली व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी बालचित्रांच्या पायऱ्या सविस्तर मांडल्या आणि त्यातली एक गोष्ट प्रत्येक पालकाने जाणून घ्यावी अशी आहे. सात-आठ वर्षांचे मूल घर काढते तेव्हा भिंत आरपार दिसते. बाहेरचे दारही दिसते आणि आत चूल पेटवणारी आईही. त्याला जे माहीत आहे ते ते काढते, केवळ डोळ्यांना दिसते तेवढेच नाही. नऊच्या आसपास मूल स्वतःच्या चित्राकडे परक्या नजरेने पाहू लागते. आपल्याला ‘नीट येत नाही’ ही भीती याच वयात शिरते. दोन डोंगर आणि सूर्य हा त्या भीतीवरचा आसरा आहे. ते चित्र कधी चुकत नाही.

महाराष्ट्रात 1985 साली कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. निर्मितीचा आनंद शाळेच्या नावातच होता. अशा शाळा थोड्या होत्या, शहरात होत्या, पण त्यांच्यामुळे मराठी शिक्षकांच्या बोलण्यात ‘मुलाची अभिव्यक्ती’ हा शब्द रुळला. मग सरकारी कागदही बदलले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने कला दहावीपर्यंत सर्वांना हवी अशी भूमिका घेतली. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. बालभारतीने कला, कार्यानुभव आणि आरोग्य एकत्र गुंफणारी ‘खेळू, करू, शिकू’ ही पुस्तके काढली. 2020 चे शैक्षणिक धोरण कलेला सगळ्या विषयांत मिसळा म्हणते.

कागद बदलले तसे वर्ग बदलले नाहीत, आणि त्याची कारणे सोपी आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार कलेसाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, तेही शंभराहून जास्त मुले असतील तर. म्हणजे ज्या वयात चित्राची गरज सर्वात मोठी, त्या पहिली ते पाचवीत वर्गशिक्षकच सगळे पाहतो. चित्रकलेचा तास भाषेच्या किंवा गणिताच्या उजळणीला जातो. उरला तर छापील बाह्यरेषेचे हत्ती-घोडे रंगवायला दिले जातात. दुसऱ्या टोकाला इंटरमिजिएट ग्रेडच्या ‘ए’ श्रेणीला दहावीत 7 वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक पाचवीपासूनच क्लास लावतात आणि तिथे पुन्हा तयार नमुने गिरवले जातात.

आता कुंभारीकडे वळतो, कारण निवडीचा प्रश्न इथे जितका टोकदार दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. 1 सप्टेंबर 2006 रोजी इथे विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली 10 हजार घरे तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी वर्षानुवर्षे लढून मिळवलेली ही घरे. केंद्राचे 20 हजार, राज्याचे 20 हजार आणि कामगार महिलेचे स्वतःचे 20 हजार असा प्रत्येक घराचा हिशेब. नंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची 30 हजार घरांची योजना आली. तिच्यातली पहिली सुमारे 15 हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी दिली गेली, एकेका इमारतीत 36 घरे. डोक्यावर हक्काचे छप्पर ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याने भाड्याची खोली सोसली त्याला विचारावे.

पण या वसाहतींत वाढणारे मूल जन्मापासून मापात वाढते. घरे एकाच नकाशाची. आई पत्र्याचे माप लावून तेंदूपत्ता कापते, सुपात ठेवून विड्या वळते, आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. सगळ्या विड्या एकसारख्या हव्यात, नाहीतर माल नापास होतो. बाप यंत्रमागावर असेल तर तिथेही मीटरचा हिशेब. अशा घरातून आलेल्या मुलापुढे शाळेनेही एकसारखा हत्ती ठेवला, तर त्याला ‘हे मी ठरवलं’ असे म्हणायला दिवसभरात एकही जागा उरत नाही.

आणखी एक गोष्ट. सोलापूरच्या कामगार वस्त्यांत घरची भाषा बऱ्याचदा तेलुगू असते, कुठे कन्नड, कुठे उर्दू. मराठी शाळेत पहिलीला बसलेल्या अशा मुलाला बाईंचे निम्मे बोलणे कळत नाही. त्याला आल्या दिवसापासून बोलता येईल अशी शाळेतली पहिली भाषा चित्राचीच आहे. त्याने आरपार भिंतीतून सुपाशी बसलेली आई काढली आणि आपण ‘भिंतीतून कसं दिसेल?’ म्हटले, तर त्याचे पहिलेच वाक्य आपण खोडले.

मग निवड द्यायची म्हणजे काय करायचे? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काही कलाशिक्षकांनी या प्रश्नाच्या उत्तराची एक घडी बसवून दिली. तिचा गाभा एवढाच, की मूल हे कलावंत आणि वर्ग हा त्याचा स्टुडिओ. वर्गात चित्र, रंग, माती, चिकटकाम, धागा अशा जागा मांडलेल्या असतात. शिक्षक सुरुवातीला पाच मिनिटे एखादी युक्ती दाखवतो, मग मूल आपली जागा निवडते, तिथे आठवडाभर थांबते किंवा उठून दुसरीकडे जाते. यात शिस्त आहे, शिकवणे आहे. फक्त विषय आणि साधन यांचा निर्णय मुलाकडे आहे. याला पैसा लागतो असे कुणी म्हणेल. सोलापुरात मागावरची उरलेली सुते आहेत, चिंध्या आहेत, पुठ्ठे आहेत, काळी माती तर पायाखालीच आहे. कमी पडतो तो वेळ, आणि चित्र पाहणाऱ्या मोठ्या माणसाचे धैर्य. चाळीस चित्रे चाळीस तऱ्हांची आली की त्यांना गुण कसे द्यायचे, ही शिक्षकाची अडचण खरी आहे. माझे मत विचाराल तर चौथीपर्यंत चित्राला गुण देऊच नयेत. मुलाला चित्राविषयी दोन वाक्ये सांगू द्यावीत आणि ती त्याच्याच शब्दांत, लागले तर तेलुगूत, खाली लिहून ठेवावीत.

राज्यात 2024 पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. म्हणजे वेळेची पहिली सबबही थोडी सैल झाली. कुंभारीतल्या आणि सोलापुरातल्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. येत्या शनिवारी फळ्यावर चित्र काढू नका. एका टेबलावर माती ठेवा, दुसऱ्यावर सूत आणि चिंध्या, तिसऱ्यावर कागद नि खडू. मुलांना विचारा, ‘काल तुझ्या घरी संध्याकाळी कोण कोण होतं, काय चाललं होतं?’ आणि मग अर्धा तास कुणाच्याही कागदाला हात लावू नका.