पर्णक्षेत्रमापन, भाताचे

भाताच्या रोपावरील हिरव्या पात्यांचे एकूण क्षेत्रफळ ठरविण्याची क्रिया. प्रकाशसंश्लेषण मुख्यतः पात्यांतच होत असल्याने वाणांची तुलना, नत्रखताचा परिणाम, लावणीतील योग्य अंतर इ. प्रश्नांचा विचार या मापनावाचून होऊ शकत नाही. डी. जे. वॉटसन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये ‘पर्णक्षेत्र निर्देशांक’ ही संज्ञा मांडली. पिकाचे पर्णक्षेत्र (पानाची एकच बाजू धरून) भागिले त्याने व्यापलेल्या जमिनीचे क्षेत्र, म्हणजे हा निर्देशांक होय. भाताच्या पिकात प्रकाशसंश्लेषण कमाल होण्यासाठी तो सु. ५ ते ६ असावा लागतो. आखूड व ताठ पानांच्या वाणांत खालच्या पानांपर्यंत ऊन पोहोचते. लांब व लोंबत्या पानांच्या वाणांत मात्र वरची पाने खालच्यांवर सावली धरतात.

पाने तोडून आलेख-कागदावर त्यांची बाह्यरेषा काढणे व चौकोन मोजणे, ही जुनी व खात्रीची रीत आहे. प्रकाशविद्युत् यंत्राने हे काम झटपट होते. परंतु तोडलेल्या पानाची पुढील वाढ पाहता येत नाही. शिवाय भाताचे पाते पाणी कमी पडताच लांबीच्या दिशेने सुरळीसारखे वळते व त्याची रुंदी खरीपेक्षा कमी भरते. यामुळे मोजपट्टीची रीत शेतात अधिक सोयीची ठरते. तीत पात्याची लांबी व सर्वाधिक रुंदी यांच्या गुणाकारास एका गुणकाने गुणतात. ई. जी. माँटगमरी यांनी १९११ मध्ये मक्याच्या पानासाठी ०·७५ हा गुणक वापरला होता.

गुणकाचा अर्थ सरळ आहे. पाते आयताकार असते तर गुणक १ आला असता व त्रिकोणाकार असते तर ०·५. भाताचे पाते बऱ्याच लांबीपर्यंत जवळजवळ समरुंद असून टोकाकडे निमुळते होते, म्हणून गुणक या दोहोंच्या दरम्यान पडतो. निमुळता भाग जितका मोठा तितका गुणक लहान. पात्याचा आकार वाण, पोषण व वाढीची अवस्था यांनुसार बदलतो आणि त्याबरोबर गुणकही बदलतो. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील कामाच्या आधारे के. एम्. पलनीस्वामी व क्वांचाई ए. गोमेझ यांनी १९७४ मध्ये या रीतीचे विवेचन प्रसिद्ध केले. सामान्यतः ०·७५ हा गुणक घेतात. रोपावस्थेत व पक्वतेच्या वेळी ०·६७ घेतात.

उदा., पाते ४० सेंमी. लांब व १·२ सेंमी. रुंद असल्यास क्षेत्रफळ ४० × १·२ × ०·७५ = ३६ चौ. सेंमी. येते. शेतात प्रत्येक पान मोजणे अशक्य असल्याने चुडातील मधला एक फुटवा निवडून त्यावरील सर्व पाती मोजतात व येणाऱ्या बेरजेस चुडातील फुटव्यांच्या संख्येने गुणतात. लावणी २० × २० सेंमी. अंतरावर असल्यास एका चुडाच्या वाट्यास ४०० चौ. सेंमी. जमीन येते, चुडाचे पर्णक्षेत्र २,००० चौ. सेंमी. भरल्यास निर्देशांक ५ होतो. मोजणी शक्यतो सकाळी, पाती उलगडलेली असताना करावी.

या रीतीतील खरा धोका मोजपट्टीत नसून गुणकात आहे. लांबी-रुंदी घेताना होणाऱ्या लहानसहान चुका दोन्ही बाजूंना होतात व बरीच पाने मोजल्यास त्या परस्परांस छेदतात. चुकीचा गुणक मात्र प्रत्येक पानास एकाच दिशेने फसवितो. खरा गुणक ०·६७ असता ०·७५ वापरल्यास क्षेत्रफळ सु. १२ टक्क्यांनी फुगते व ५ चा निर्देशांक ५·६ दिसतो. एका वाणाचे पाते अधिक निमुळते असून दोन्ही वाणांना एकच गुणक लावल्यास नसलेला फरक दिसेल किंवा असलेला झाकला जाईल. म्हणून वाणांच्या तुलनेत प्रत्येक वाणाची लहान-मोठी पाने, ध्वजपर्णासह, घेऊन त्यांचे खरे क्षेत्रफळ प्रथम काढतात. त्यांच्या बेरजेस लांबी-रुंदीच्या गुणाकारांच्या बेरजेने भागले की त्या वाणाचा गुणक मिळतो. ध्वजपर्ण खालच्या पानांहून सामान्यतः आखूड व रुंद असल्याने ते वगळणे इष्ट नाही. हे खरे क्षेत्रफळ आता प्रतिमावाचक यंत्र व संगणक यांच्या साहाय्याने काढता येते. उभ्या पिकातील मोजणीस मोजपट्टी पुरते.