वैद्याची पोथी, पाद्र्याची वही

दसरा-दिवाळीला दारावर झेंडूचे तोरण नाही, असे घर आपल्याकडे विरळाच. पण या झेंडूचे माहेर आहे पार मेक्सिकोत! तिथले नहुआ लोक त्याला ‘सेम्पोआलशोचित्ल’ म्हणतात. नोव्हेंबरच्या आरंभी पितर घरी येतात अशी त्यांची श्रद्धा, आणि पितरांच्या वाटेवर पसरायच्या त्या याच फुलाच्या पाकळ्या. झेंडूचे मूळ शोधता शोधता मी या लोकांच्या औषधोपचारांपर्यंत पोचलो, आणि तिथे दोन पुस्तकांची मोठी विलक्षण हकीकत हाती लागली.

आपण ज्यांना अझ्टेक म्हणून ओळखतो ते नहुआच. १३ ऑगस्ट १५२१ रोजी स्पॅनिश फौजेने आणि तिला मिळालेल्या स्थानिक राज्यांनी त्यांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. आदल्याच वर्षी देवीच्या साथीने शहर पोखरून काढले होते. पुढे १५४५ साली दुसरी भयंकर साथ आली. माणसे मेली ती लाखांनी, आणि त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही चालली.

अशा काळात, १५५२ साली, त्लातेलोल्को येथील ख्रिस्ती विद्यालयात मार्तिन दे ला क्रूस या नहुआ वैद्याने आपली औषधे सांगितली. तो शाळेत वैद्यकी शिकलेला नव्हता. त्याचा गुरू म्हणजे अनुभव. सोचिमिल्कोच्या हुआन बादियानो या नहुआ पंडिताने त्या साऱ्याचे लॅटिनमध्ये भाषांतर केले. वनस्पतींची सुमारे १८५ रंगीत चित्रे काढली गेली. ही सुंदर पोथी स्पेनच्या राजासाठी होती.

तिची प्रकरणे तेरा. आरंभ डोक्याच्या दुखण्यापासून. मग डोळे, कान करत खाली पायांपर्यंत. पुढे बाळंतपण, तान्ही मुले आणि अखेरीस मृत्यू जवळ आल्याची लक्षणे. राज्यकारभाराने थकलेल्या अधिकाऱ्यांसाठीही उतारा दिला आहे! आपल्या कचेऱ्यांतून तो चांगला खपेल. बाळंतपणासाठी सांगितलेल्या ‘सिवापाहत्ली’चा अर्थच मुळी ‘बाईचे औषध’. ही वनस्पती गर्भाशयाचे आकुंचन घडवते, हे विसाव्या शतकात प्रयोगशाळांतून दिसून आले.

पण या पोथीत नहुआंची सगळी विद्या नाही. राजाला दाखवायच्या पुस्तकात देवदेवता आणि मंत्र कसे यावेत? ते आले दुसऱ्याच पुस्तकात, आणि तेही शत्रूच्या हातून.

एर्नांदो रुइस दे आलार्कोन हा खेड्यापाड्यांतला पाद्री. जुन्या देवांचे मंत्र म्हणणाऱ्यांना शोधून शिक्षा करायची, हे त्याने हाती घेतलेले काम. पुढच्या पाद्र्यांना हे ‘पाखंड’ ओळखता यावे म्हणून १६२९ साली त्याने एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात ते मंत्र नहुआत्ल भाषेतच जसेच्या तसे उतरवले! मोडलेले हाड बसवताना काय म्हणावे, मक्याचे दाणे टाकून दुखण्याचे कारण कसे पाहावे, सारे त्यात आहे.

त्यातला एक विधी वाचताना मला आपल्या घरातल्या आज्या आठवल्या. नहुआंच्या मते माणसाच्या डोक्यात ‘तोनाल्ली’ नावाचे तेज वसते. मूल दचकले की ते तेज निघून जाते. मग जाणती बाई मुलाला पाण्याच्या भांड्यावर धरून प्रतिबिंब पाहते. चेहरा स्वच्छ दिसला तर चिंता नाही. काळवंडलेला दिसला तर तोनाल्ली हरवली. ती मंत्र म्हणून परत बोलवायची. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या आपल्या आजीला यात परके असे काय वाटले असते?

जे मुळासकट उपटायचे तेच त्या पाद्र्याने जपून ठेवले. त्यासाठी त्याचे आभार मानायला मात्र मन धजत नाही. त्याच्या वहीतल्या एकेका मंत्रामागे धाकाने बोलती केलेली माणसे उभी आहेत.

वैद्याची पोथी फिरत फिरत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात गेली. १९२९ साली अभ्यासकांची नजर तिच्यावर पडली, आणि १९९० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती मेक्सिकोला परत दिली. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोतील सोळा लाखांहून अधिक लोकांनी आपण नहुआत्ल बोलतो असे सांगितले. त्यांच्या गावांतून सुईणी आजही बाळंतिणीला ‘तेमास्काल’मध्ये, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी शिंपडून वाफ करायच्या ठेंगण्या खोपटात, शेकायला नेतात. त्यासाठी त्यांना ना लॅटिन पोथी उघडावी लागते, ना पाद्र्याची वही. त्या हे आपल्या आईकडून शिकल्या आहेत.