एपिसोडचा मजकूर : एका वकिलाने शोधलेली पळवाट

लोकलच्या गोंगाटात ज्यांना हा एपिसोड धड ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. आजचा माणूस बेंजामिन बटलर. आधी वकील, मग जनरल, मग खासदार.

२३ मे १८६१. व्हर्जिनियाच्या मतदारांनी अमेरिकेतून फुटण्यावर त्याच दिवशी शिक्का मारला होता. त्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडी वल्हवत फोर्ट मन्रोला पोचले. किल्ला व्हर्जिनियात, पण ताबा उत्तरेच्या फौजेकडे. पलीकडच्या किनाऱ्यावर दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चा बांधायला या तिघांना जुंपलं होतं. मालक त्यांना आणखी लांब, नॉर्थ कॅरोलिनात पाठवणार होता. घरच्यांपासून तुटायचं नव्हतं, म्हणून ते पळाले.

जुगार मोठा होता. १८५०च्या कायद्याप्रमाणे पळालेला गुलाम मालकाला परत द्यावाच लागे. युद्ध गुलामी संपवण्यासाठी नाही, असं तेव्हा खुद्द लिंकन सांगत होते. किल्ल्याच्या दारातून परत पाठवलं असतं, तर पुढे काय झालं असतं ते सांगायला नको.

आणि दारात होता कोण? तर बटलर, हजर होऊन जेमतेम दोन दिवस झालेला. लोवेल या गिरणगावातला चलाख वकील. गुलामीविरोधी वगैरे अजिबात नाही. आदल्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी जेफरसन डेव्हिसला फेरीमागून फेरी मत दिलं होतं. तोच डेव्हिस आता बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष!

दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने मेजर कॅरी पांढरं निशाण घेऊन आला. कायद्याप्रमाणे माणसं परत द्या, म्हणाला. बटलरचं उत्तर असं : तो कायदा अमेरिकेचा. तुम्ही तर म्हणता, व्हर्जिनिया आता परदेश आहे. मग परदेशाला आमचा कायदा लागू कसा? मालकाने इथे येऊन अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यावी, आम्ही परत देतो.

शपथ घ्यायला अर्थातच कुणी आलं नाही.

तिघांना ठेवून घ्यायला बटलरने युद्धाचा साधा नियम वापरला : शत्रू ज्या मालाचा लढाईसाठी उपयोग करतो, तो जप्त करता येतो. दक्षिण गुलामांना मालमत्ता म्हणते ना? ठीक, मग केली जप्त! याला शब्द रूढ झाला ‘कॉन्ट्राबँड’. आम्ही कोड लिहिणारे अशा युक्तीवर खूश होतो, पण यात एक खटकतंच. बटलरने त्यांना ‘माणूस’ म्हणून आत घेतलं नाही, ‘माल’ म्हणून घेतलं. कागदावर ते स्वतंत्र झालेच नव्हते.

तरी बातमी वणव्यासारखी पसरली. काही दिवसांत आणखी माणसं आली, मग अख्खी कुटुंबं, काही आठवड्यांत शेकडो. ऑगस्टमध्ये काँग्रेसला अशा जप्तीचा कायदाच करावा लागला. मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ची, म्हणजे दीड वर्ष पुढची. धक्का मात्र होडीतून आलेल्या तिघांनी दिला होता. माझ्या मते या गोष्टीचे खरे नायक तेच. विशेष म्हणजे, व्हर्जिनियात आणलेले पहिले आफ्रिकन लोक १६१९मध्ये याच टोकावर उतरवले गेले होते.

बटलरचं पुढचं आयुष्य सरळ नाही. न्यू ऑर्लिन्सवर त्याने इतकं कडक राज्य केलं की दक्षिणेत त्याला ‘बीस्ट’ म्हणू लागले, आणि एकेकाळी ज्याला मतं दिली त्या डेव्हिसनेच त्याला फाशीयोग्य गुन्हेगार ठरवलं. लुटीचे आरोपही झाले. सेनापती म्हणून तो सुमारच, फोर्ट फिशरच्या अपयशानंतर ग्रँटने त्याला दूर केलं. पण कृष्णवर्णीय सैनिकांना लढताना बघून हा माणूस मनापासून बदलला. खासदार झाल्यावर कू क्लक्स क्लॅनविरुद्धच्या १८७१च्या कायद्यासाठी त्याने जोर लावला. त्या कायद्यातलं एक कलम आजही जिवंत आहे : अमेरिकेत पोलिसांनी हक्क तुडवले, तर लोक त्याच कलमाखाली कोर्टात जातात.

पुढचा भाग पुढच्या आठवड्यात. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा!